इंदूरला दोनच रात्री, मग सराफा की छप्पन?

भाऊ विचारतोय, नाताळात इंदूरला जातोय, आईबाबा आणि पोरं बरोबर, खायचं कुठे. सराफा आणि छप्पन दुकान या तिथल्या खाण्याच्या दोन जागा, दोन्हीकडे खाल्लंय म्हणून सांगतो.

वेळेचं आधी बघा. सराफा म्हणजे राजवाड्यामागचा सोनारांचा बाजार, दुकानांची शटरं पडली की रात्री साडेनऊ-दहाला तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात, त्यामुळे जेवून गेलात तर फुकट गेलात. छप्पन दुकान म्हणजे न्यू पलासिया भागातली खाण्याच्या दुकानांची रांग, सकाळी पोह्यांपासूनच चालू.

त्रास म्हणाल तर सराफ्यात गल्ली अरुंद, धक्काबुक्की, उभ्यानेच खायचं, गेल्या वेळी माझ्या शर्टावर कुणाचं तरी दही सांडलं. छप्पनला वाहनांना बंदी, बसायला जागा, आईबाबांना बरं.

खर्चात फार फरक नाही, दोन्हीकडे पोट आधी भरतं. पण चवीला सराफा पुढे. भुट्टे का कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा तिखट पदार्थ, ताटलीएवढा जलेबा, आणि थंडीत गराडू, म्हणजे कोनफळासारखा कंद, तुपातेलात कुरकुरीत तळून वर मसाला आणि लिंबू, बोटं भाजतात पण थांबवत नाही. छप्पनचं खोपरा पॅटिस मात्र सोडू नका.

म्हातारी माणसं, लहान पोरं असतील तर छप्पन. मित्रमित्र असाल, जागरण चालत असेल तर सराफाच. भावाने एक रात्र आईबाबांना हॉटेलवर झोपवून सटकावं.