रविवार सकाळी पन्हाळा की संध्याकाळी रंकाळा?

हॉस्टेलवर दर शनिवारी रात्री हाच विषय निघतो, उद्या पन्हाळा किल्ला का कोल्हापुरातला रंकाळा तलाव? माझं मत आधीच सांगतो, पहाटे उठायची तयारी असेल तर पन्हाळाच.

कोल्हापूरपासून साधारण २० किमी, साडेपाचला गाडी काढायची, वाघबीळला चढ सुरू झाला की गार वारा अंगाला लागतो आणि पावसाळ्यात तर वर धुकं एवढं दाट असतं की पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसतो, त्यामुळं हळू चालवा भावांनो. गडावर बघायचं ते तीन दरवाजा, अंधारबाव ही जुनी विहीर, मग सज्जाकोठी ही जुनी इमारत. १६६० साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं विशाळगडाकडं निघाले ते ह्याच किल्ल्यावरनं, आणि २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला, आपल्याला लय अभिमान वाटला. फिरून झालं की गरम भाकरी, झुणका, ठेचा आणि दही, बस्स!

खर्च मात्र होतो, पेट्रोल आणि नाष्टा दोघांत वाटला तरी महिनाअखेरीला जडच जातं.

रंकाळ्याला तसं काय नाही. लेक्चर संपलं की चालत सुद्धा जाता येतं, चौपाटीवर भेळ घ्यायची आणि संध्यामठ ह्या जुन्या दगडी वास्तूजवळ सूर्य बुडताना बघत बसायचं. परीक्षेच्या आठवड्यात मी तिथंच जातो, तासाभरात डोकं शांत होतं आणि रात्री अभ्यासाला परत. गर्दी नको असेल तर रविवार सोडून जावा.

ह्या रविवारी आमचं पन्हाळा फिक्स आहे, पाऊस असला तरी.