टॅस्कॅम डीपी-००८ईएक्स : छोट्या यंत्रातलं एडिटिंग

आठ ट्रॅक, एका वेळी दोनच रेकॉर्ड होणारे, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, चार पेन्सिल सेलवर चालणारं. डीपी-००८ईएक्स या छोट्या रेकॉर्डरची ही माहिती कुठेही मिळेल. हे यंत्र घ्यावं ते त्यातल्या ट्रॅक एडिटसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्याचे तुकडे कापण्या-जोडण्याच्या सोयीसाठी, कारण संगणक न लावता ठेका बांधायचा तर ते पुरून उरतं.

सगळं तीन खुणांवर चालतं. इन आणि आउट म्हणजे तुकड्याची सुरुवात आणि शेवट, टू म्हणजे तो जिथे बसवायचा ती जागा. कॉपी पेस्ट टू पाशी असलेलं आधीचं रेकॉर्डिंग पुसून त्यावर बसतं. कॉपी इन्सर्ट ते पुढे सरकवतं. मूव्हमध्ये मूळ जागी शांतता उरते. खरा घोळ होतो तो कट आणि सायलेन्समध्ये. सायलेन्स तुकडा गप्प करतं, बाकी जागेवर राहतं. कट तो काढून त्याच्या नंतरचं सगळं अलीकडे ओढतं. गाण्याच्या ट्रॅकवरचा खोकला घालवायला कट वापरलात, तर तिथून पुढे गाणं तबल्याच्या आधी पळेल. खोकला, पान उलटल्याचा आवाज, यांना सायलेन्सच.

ठेका पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल तर मेट्रोनोम १२० वर ठेवून वाजवा. मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, आठ मात्रांच्या केहरव्याचं आवर्तन बरोबर ४ सेकंदांचं आणि सहा मात्रांच्या दादऱ्याचं ३ सेकंदांचं, त्यामुळे खुणा आकड्यांत बसतात. तुकडा २० मिलिसेकंदांनी जरी आखूड राहिला, तरी सोळा प्रतींनंतर ठेका ३२० मिलिसेकंद पुढे गेलेला असतो, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. इनची खूण समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, थापेच्या किंचित आधी, जॉग प्लेने (थोडं थोडं वाजवून) ऐकत लावा आणि आउट त्याच मापाने पुढच्या समेआधी. बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा मध्येच तुटला तर सांधा लगेच कळतो. एकाऐवजी चार आवर्तनांचा तुकडा घ्या; वाजवणाऱ्याच्या हातातला फरक टिकतो. तानपुरा किंवा पेटीचा सलग सूर मात्र कापूच नये. लहर मध्येच तुटली की टक् असा आवाज येतो. तो ट्रॅक शेवटी, अखंड रेकॉर्ड करावा.

अनडू चांगला आहे, इतिहासातून बरंच मागे जाता येतं. त्यामुळे कट चुकला तर घाबरण्याचं कारण नाही.

एक खोड मात्र लक्षात ठेवायलाच हवी. मास्टरिंग, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून अंतिम स्टिरिओ रेकॉर्डिंग बनवणं, गाण्याच्या सुरुवातीपासून आउटच्या खुणेपर्यंत होतं, आणि ही खूण एडिटिंगचीच. ठेका कापून झाल्यावर ती हलवली नाही, तर पाच मिनिटांच्या गाण्याचं मास्टर सोळा सेकंदांत संपतं. मास्टरिंगआधी आउट शेवटच्या सुराच्या विरण्यापलीकडे, दोन-तीन सेकंद पुढे न्या.

पडदा बारीक आहे, लांब एडिटिंगला डोळे शिणतात. गायनाचे चार-पाच टेक घेऊन ओळ न् ओळ निवडायची सवय असेल, तर आठ ट्रॅक फार लवकर भरतील. तिथे आठ ट्रॅक एकदम रेकॉर्ड करणारा, रंगीत पडद्याचा डीपी-२४एसडी बघावा. पेटी, तबला आणि एक गळा एवढ्यासाठी ००८ईएक्स निर्धास्त घ्या.