पासपोर्टवरून तिकिटाचे नाव भरणारी सोय: एक परीक्षण

विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये पासपोर्टच्या पानाचे छायाचित्र घेऊन प्रवाशाचे नाव आपोआप भरण्याची सोय आहे. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांत मोकळी जागा, जोडरेघ किंवा मधले नाव यांचा फरक पडला, तर विमानतळावर अडवले जाईल का, ही चिंता अनेकांना असते. ही सोय त्या चिंतेचे कितपत निवारण करते, एवढेच येथे तपासले आहे. तिकिटांचे दर किंवा आसनांची निवड यांचा विचार केलेला नाही.

हे अ‍ॅप पानाच्या तळाशी छापलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींमधून नाव उचलते आणि हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 9303 क्रमांकाच्या दस्तऐवजानुसार या प्रत्येक ओळीत 44 चिन्हे असतात आणि पहिल्या ओळीतील 39 चिन्हे नावासाठी राखलेली असतात. साधारणपणे आधी आडनाव, मग दोन कोनी चिन्हे (<<) आणि त्यानंतर एकेका कोनी चिन्हाने वेगळी केलेली उरलेली नावे, अशी तेथील मांडणी असते. जोडरेघेच्या जागी कोनी चिन्ह येते, लोपचिन्ह (’) गाळले जाते आणि जर्मन पासपोर्टवरील दोन टिंबांचा ‘यू’ तेथे ‘यू’ व ‘ई’ अशा दोन साध्या अक्षरांनी लिहिला जातो. विमान कंपनीचे चेक-इनचे यंत्रही याच ओळी वाचते. त्यामुळे पानाच्या वरच्या भागात छापलेल्या नावातील जोडरेघ तिकिटावर कशी उमटवावी, हा प्रश्न प्रवाशापुढे उरतच नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र नाव भरल्यानंतर दिसते. पैसे भरण्यापूर्वी अ‍ॅप ‘तिकिटावर नाव असे छापले जाईल’ या मथळ्याखाली प्रत्यक्ष नमुना दाखवते: आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग पहिले आणि मधले नाव एकमेकांना चिकटलेले आणि अनेकदा त्यांच्याच शेपटाला जोडलेले ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’. अनेक आरक्षण प्रणाली मोकळी जागा आणि विरामचिन्हे साठवतच नाहीत, म्हणून नाव असे दिसते, हे त्या नमुन्याखाली दोन ओळींत स्पष्ट केलेले आहे. हा केवळ छपाईच्या मांडणीचा फरक असून काउंटरवरील कर्मचाऱ्यांना तो रोजच पाहायला मिळतो. हे पैसे भरण्याआधीच समजले, तर प्रवासी विनाकारण दुरुस्तीच्या मागे लागत नाही. तिकीट हाती आल्यावर चिकटलेली अक्षरे पाहून घाबरलेल्या माणसाला हाच खुलासा कितीही वेळा केला, तरी तो त्याला सहजासहजी पटत नाही.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि वैधतेची तारीख यांच्यासाठी पडताळणीचे अंक असतात, त्यामुळे तेथील चुकीचे वाचन यंत्राच्या सहसा लक्षात येते. नावाच्या ओळीला असा अंक नसतो. छायाचित्र धूसर असेल, तर शेवटची कोनी चिन्हे रोमन ‘के’ म्हणून वाचली जाऊ शकतात आणि नावाला नसलेले अक्षर चिकटते. ही चूक मोकळ्या जागेच्या फरकासारखी नाही. तिच्यामुळे नावाचे स्पेलिंगच बदलते. तरीही अ‍ॅप पडताळलेला क्रमांक आणि न पडताळलेले नाव या दोन्हींसमोर एकच हिरवी खूण दाखवते, हे मला गंभीर वाटते. शिवाय नाव 39 चिन्हांत मावत नसेल, तर तळाच्या ओळीत ते तोडलेले असते आणि अ‍ॅप तो तुकडाच पूर्ण नाव मानते. पानाच्या वरच्या भागाशी ताडून पाहिल्यास हे लगेच कळले असते, परंतु तशी तुलना येथे केली जात नाही.

पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांची अडचण तर तशीच राहते. काही विमान कंपन्या तेच नाव दोन्ही रकान्यांत लिहायला सांगतात, तर काहींचा नियम वेगळा असतो. अ‍ॅप मात्र कंपनी कोणती आहे हे न पाहता आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

तिकीट निघाल्यानंतरची मदतसेवा नम्र आहे, पण तिचा अर्ज सदोष आहे. सुटलेली मोकळी जागा, चुकलेले एक अक्षर, आडनाव व नावाची झालेली अदलाबदल आणि पूर्णपणे वेगळे नाव, या सर्वांसाठी ‘नावात बदल’ हा एकच पर्याय दिलेला आहे. तिकीट सहसा दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येत नसल्यामुळे कंपन्या अशा अर्जांकडे सावधपणे पाहतात, आणि प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील तर दुरुस्ती आणखी किचकट होते. मोकळ्या जागेच्या तक्रारीला अर्जातच ‘दुरुस्तीची गरज नाही’ असे उत्तर मिळाले आणि चुकलेल्या अक्षराची तक्रार तातडीने कंपनीकडे गेली, तर मी ही सोय कोणालाही निःसंकोच सुचवीन. सध्या ती सुचवताना एक अट घालावी लागते: नमुन्यातील नावाचे प्रत्येक अक्षर पासपोर्ट समोर ठेवून स्वतः वाचावे आणि मगच पैसे भरावेत.