आफ्रिकेतल्या पोरांच्या पात्रता फेऱ्या, यूट्यूबवर फुकट: कोल्हापूरकरानं बघाव्यात का, आणि कशा?

चित्र सुमार, फुटबॉल अव्वल. सतरा वर्षांखालच्या आफ्रिकन कपच्या पात्रता फेऱ्यांचं जे मोफत थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, त्याबद्दल पहिल्यांदा हेच सांगायला हवं. नुसती करमणूक म्हणून बघणार असाल तर पाचपैकी दोन गुण. पण पेठेतल्या तालमीत किंवा शाळेत बारा ते सोळा वयाची पोरं खेळवत असाल तर साडेचार. यापेक्षा चांगला शिकवणीचा माल फुकटात मिळणं अवघड आहे.

आधी ही सेवा नेमकी काय आहे ते. आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे, म्हणजे काफचे, ५४ देश सहा झोनमध्ये वाटलेले आहेत. उत्तरेत ५, पश्चिमेत ‘अ’ गटात ९ आणि ‘ब’ गटात ७, मध्य आफ्रिकेत ८, पूर्वेला ११ आणि दक्षिणेला १४. पूर्वी पात्रतेसाठी घरच्या आणि परक्या मैदानावर एकेक सामना व्हायचा, हरला तो बाहेर. २०१९ च्या स्पर्धेपासून झोननिहाय पद्धत आली. आता झोनमधले सगळे संघ एका देशात जमतात, एक-दोन मैदानांवर दोनेक आठवड्यांत सगळं उरकतं. बघणाऱ्याच्या दृष्टीनं हा बदल फार सोयीचा ठरला. सगळे सामने बहुतेक एकाच वाहिनीवर सापडतात, आणि एकच संघ पंधरा दिवसांत चार-पाच वेळा बघायला मिळतो. पोरगा पहिल्या सामन्यात काय चुकला आणि चौथ्या सामन्यात त्यानं काय सुधारलं, हे दिसतं.

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी अंतिम सामना सोडला तरी चालेल, उपांत्य फेरी मात्र चुकवू नये. मुख्य स्पर्धेत, म्हणजे आफ्रिकन कपमध्ये, झोनला दोन जागा असतील तर अंतिम फेरी गाठणारे दोघंही पात्र ठरतात. म्हणजे खरी अंतिम लढत उपांत्य फेरीतच होते, अंतिम सामना उरतो तो चषकापुरता. अंतिम सामन्यात प्रशिक्षक राखीव पोरांना उतरवतात, पळापळ कमी होते. उपांत्य सामन्यात मात्र शेवटच्या वीस मिनिटांत अंगावर काटा येतो. २०२४ च्या मे महिन्यात पश्चिम ‘ब’ झोनची फेरी घानात झाली. बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्ट पुढे गेले. यजमान घाना आणि नायजेरिया उपांत्य फेरीत गळाले. सतरा वर्षांखालचा विश्वचषक नायजेरियानं पाचदा आणि घानानं दोनदा जिंकलाय. असे दोन संघ मुख्य स्पर्धेच्या दाराबाहेर राहतात, इतका हा झोन कठीण आहे. दुसरीकडे सोमालिया २०२३ मध्ये पूर्वेच्या झोनमधून पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत गेला. एक गोष्ट आधी तपासायची: मुख्य स्पर्धेतले संघ १२ वरून १६ झाले आहेत, त्यामुळे झोनला किती जागा आहेत ते वर्षागणिक बघावं लागतं. तिसरी जागा मिळालेली असेल तर तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही जिवावर उदार होऊन खेळला जातो.

आता शोधायचं कसं. इथेच बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. नुसतं ‘आफ्रिका अंडर सेव्हन्टीन’ टाकलं तर जुन्या विश्वचषकांच्या क्लिपा येतात. झोनचं नाव टाकायचं. पूर्वेसाठी सेकाफा, दक्षिणेसाठी कोसाफा, उत्तरेसाठी युनाफ, मध्य आफ्रिकेसाठी युनिफाक. पश्चिमेचा घोळ असा की इंग्रजीत तो वाफू आहे आणि फ्रेंचमध्ये युफोआ. यजमान फ्रेंच बोलणारा देश असेल तर ‘वाफू’ टाकून काही हाती लागत नाही, ‘युफोआ’ टाकल्यावर सामना समोर येतो. झोनच्या वाहिनीवर नसेल तर यजमान देशाच्या फुटबॉल संघटनेच्या पानावर जा. काही यजमान सामन्याच्या दहा मिनिटं आधी लिंक टाकतात आणि मध्यंतरानंतर दुसरीच चालू करतात. पडदा काळा झाला की सामना थांबला असं समजू नका. वाहिनीच्या ‘लाइव्ह’ कप्प्यात नवी लिंक आली आहे का ते बघा.

वेळ आपल्या सोयीची आहे, हा या सेवेचा मोठा गुण. युरोपातल्या सामन्यांसारखं रात्री साडेबारा-दीडपर्यंत जागावं लागत नाही. घाना, माली, सेनेगल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नायजेरिया, कॅमेरून, मोरोक्को साडेचार. दक्षिण आफ्रिका, झांबिया, झिम्बाब्वे साडेतीन. टांझानिया, युगांडा, इथिओपिया अडीच तास मागे. तिकडे दुपारी चारला सुरू झालेला सामना टांझानियातून असेल तर आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात, घानातून असेल तर साडेनऊ. म्हणजे शाहू स्टेडियमवरचा चारचा सामना संपवून, चहा घेऊन, पूर्वेचा झोन आरामात लावता येतो. इथिओपिया यजमान असेल तर जपून. तिथे लोक दिवस सूर्योदयापासून मोजतात, दुपारच्या चारला दहा म्हणतात. स्थानिक पोस्टरवरचा ‘दहा’ बघून भारतीय वेळ काढलीत तर सामना हुकलाच. वेळ झोनच्या अधिकृत पत्रकातूनच घ्यावी.

डेटाचा हिशेब. मध्यंतर धरून दोन तासांचा सामना यूट्यूबच्या ४८० या चित्रदर्जावर साधारण एक ते सव्वा जीबी खातो, ७२० वर दोन ते अडीच. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा रिचार्ज असेल तर ७२० वर सामना पूर्ण होणार नाही. साडेनऊच्या सामन्याला हे हमखास घडतं: दिवसाचा डेटा उत्तरार्धात संपतो आणि नवा मिळायला बारा वाजावे लागतात. ४८० वर ठेवा. मूळ चित्रच फार स्वच्छ नसल्यामुळे ७२० नं विशेष फरक पडत नाही. तालमीत पडद्यावर दाखवायचं असेल तर फोनवरून वायफायनं टाकण्याऐवजी लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर वापरा. लाइव्ह स्कोअरचं ॲप बंद ठेवा. थेट चित्र वीस-तीस सेकंद मागे असतं, गोल आधी फोनवर वाजतो आणि मग पडद्यावर होतो.

आता चित्राबद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच असतात. बऱ्याच सामन्यांना एकच कॅमेरा असतो, मध्यरेषेच्या समोर, स्टँडच्या वरच्या पायरीवर. रिप्ले नाही. स्कोअर कोपऱ्यात कधी असतो, कधी नसतो. सूर्य कलला की अर्धं मैदान सावलीत जातं आणि तिकडचे जर्सीचे नंबर दिसेनासे होतात. हे सगळं खरं आहे. पण याच एका कॅमेऱ्याचा शिकवणाऱ्याला फायदा होतो. मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात चेंडू असलेल्या खेळाडूचा चेहरा आणि बूट दिसतात. मधली जागा कोण कशी बंद करतंय ते दिसतच नाही. इथे कॅमेरा लांब असल्यामुळे निम्म्याहून जास्त संघ एका चौकटीत मावतो. डाव्या बगलेवर चेंडू गेला की उजवा बॅक किती पावलं आत सरकतो, दोन सेंटर बॅकमधलं अंतर किती राहतं, गोली डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या, कडेपर्यंत पुढे येतो की रेषेला चिकटून राहतो, हे सलग नव्वद मिनिटं बघता येतं.

संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, स्वल्पविरामानं मागे. वेग अर्ध्यावरही आणता येतो. पोरांना दाखवण्यासारखी एक जागा सांगतो. मध्यफळीतला पोरगा पाठमोरा चेंडू घेतो, तो क्षण शोधा आणि चेंडू पोचण्याच्या दोन सेकंद आधी थांबवा. त्याची मान बघा. चांगला खेळाडू त्या दोन सेकंदांत एकदा तरी खांद्यावरून मागे बघतो. मग फ्रेम पुढे न्या: चेंडू आल्यावर तो लांबच्या पायावर घेतो, आणि पहिल्या स्पर्शातच अंग समोर वळलेलं असतं. आपल्याकडची पोरं बहुतेक वेळा चेंडू जवळच्या पायाखाली दाबतात, मग मान वर करतात, तोवर मागून धक्का बसलेला असतो. तोंडी शंभरदा सांगून जे वळत नाही ते या दहा फ्रेमांत पोरांना पटतं. यासाठी मालीचे सामने निवडावेत. २०१५ आणि २०१७ चा आफ्रिकन कप त्यांनी जिंकला, २०१५ च्या विश्वचषकात ते उपविजेते होते, २०२३ ला तिसरे. २०२५ च्या आफ्रिकन कपच्या अंतिम फेरीतही ते होते. मोरोक्कोकडून टायब्रेकरमध्ये हरले.

तीन संघांचा गट असेल तर शेवटचा सामना बघताना कागद-पेन जवळ ठेवा. ‘अ’नं ‘ब’ला १-० हरवलं, ‘ब’नं ‘क’ला १-० हरवलं, आता ‘अ’ विरुद्ध ‘क’ उरलं आणि गटातून दोघं पुढे जाणार आहेत. ‘क’ २-१ नं जिंकला तर तिघांचेही तीन गुण, तिघांचाही गोलफरक शून्य. पण ‘अ’ आणि ‘क’ यांचे दोन-दोन गोल, ‘ब’चा एकच. ‘ब’ घरी. म्हणजे मैदानावरच्या दोघांनाही २-१ चालतं आणि तिसरा स्टँडमध्ये बसून बघतो. चार संघांच्या गटात शेवटचे दोन सामने एकाच वेळी लावून हे टाळता येतं, तीनच्या गटात ती सोय नाही. म्हणून अशा गटात पहिले दोन सामने बघा. तिसरा शेवटी थंडावला तर प्रक्षेपणाला दोष देऊ नका, नियमच तसा आहे.

संघात अचानक वेगळेच चेहरे दिसले तर त्यामागे बहुतेक वयाची तपासणी असते. फिफानं २००९ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. अंगठ्याच्या बाजूचं जे लांब हाड, रेडियस, त्याच्या टोकाशी वाढीची चकती असते. ती किती सांधली आहे त्याच्या सहा पायऱ्या आहेत. सहावी म्हणजे पूर्ण सांधली. असा मुलगा सतराच्या वर आहे असं धरून त्याला बाद करतात. एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत, म्हणून धडधाकट पोरांवर तो वापरायला हरकत नसते. मर्यादा दोन: पंधराचा आणि सोळाचा यांत तो फरक सांगू शकत नाही, आणि मुलींची चकती लवकर सांधत असल्यामुळे त्यांना तो लावत नाहीत. आपल्याकडे वयासाठी हाताचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-थ्री नावाच्या, हाडांच्या वाढीवरून वय काढायच्या पद्धतीनं हिशेब करतात, ती पद्धत वेगळी.

जानेवारी २०२३ मध्ये कॅमेरूनच्या ३० पैकी २१ मुलं या एमआरआयमध्ये अडकली. मध्य आफ्रिकेची पात्रता फेरी तोंडावर असताना त्यांना जवळजवळ नवा संघ उभा करावा लागला, आणि तरी ते पात्र ठरले. वयचोरीचा प्रश्न आपल्या शालेय स्पर्धांना नवा नाही. जन्मदाखल्यावर भांडणं होतात, संघ बाद होतात, आणि ज्या खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची जागा गेली त्याचं वर्ष कुणी परत देत नाही. कॅमेरूनचं उदाहरण पालकांना आणि मंडळांना आवर्जून सांगावं: २१ जण काढूनही संघ उभा राहिला, कारण खऱ्या वयाची पोरं मागे रांगेत होतीच.

समालोचनाकडून फार अपेक्षा नको. फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी, कधी इंग्रजी; कधी नुसता मैदानातला आवाज. नुसता आवाज असेल तर तो बंद करू नका. स्टँड रिकामं असलं की प्रशिक्षकाची हाक आणि गोलीचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. आपल्या गोल्यांनी ते ऐकावं; दर कॉर्नरला तो किती बोलतो ते मोजावं. खेळाडूंची यादी झोनच्या फेसबुक पानावर सामन्याच्या साधारण तासभर आधी फोटो म्हणून येते. तो फोटो जतन करून ठेवा, पडद्यावर नावं येतीलच असं नाही.

मुख्य स्पर्धेचं प्रक्षेपण या तुलनेत बरंच चकचकीत असतं, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. पात्रता फेरीला महत्त्व आलंय ते दुसऱ्या कारणानं. सतरा वर्षांखालचा विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी, ४८ संघांचा, कतारमध्ये होऊ लागला आहे, आणि त्यात आफ्रिकेला १० जागा आहेत; त्या आफ्रिकन कपमधूनच ठरतात. २०१७ ला तो भारतात झाला तेव्हा आफ्रिकेला चारच जागा होत्या: माली, घाना, गिनी, नायजर. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि दिल्लीत घानानं भारताला ४-० हरवलं. मध्यंतराला एकच गोल होता. शेवटचे दोन ८६ आणि ८७ व्या मिनिटाला झाले. त्या वयात आपली पोरं शेवटच्या टप्प्यात का दमतात, ते शोधायचं असेल तर पात्रता फेरीतले सामने ७० व्या मिनिटापासून लावा आणि फक्त चेंडू नसलेल्या पोरांवर नजर ठेवा.

शेवटची सूचना. सामना संपल्यावर व्हिडिओ कायम राहतोच असं नाही. मैदानात वाजलेल्या गाण्याच्या हक्कावरून तो उतरवला जातो, किंवा यजमान स्वतःच खाजगी करून टाकतात. दाखवायची जागा सापडली की मिनिट आणि सेकंद लगेच वहीत लिहा, आणि पुढच्या सरावाची वाट न बघता त्याच आठवड्यात पोरांना दाखवा.