लॅपटॉपवर सर्व्हरचं फोल्डर: एनएफएस की एसएसएचएफएस?

सर्व्हरवरचं फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखं वापरायचंय. पलीकडे विंडोज असेल तर सांबा (विंडोजशी फायली वाटून घेणारा प्रोग्रॅम) लावा आणि मोकळे व्हा. दोन्हीकडे लिनक्स असेल तरच डोकं खाजवायची वेळ येते: नेटवर्कवरून फोल्डर वाटणारं एनएफएस, की तेच काम एसएसएच या सुरक्षित लॉगिनवरून करणारा एसएसएचएफएस?

वेगात एनएफएस सरस, त्यात वाद नाही. १९८४ पासूनचा, सन मायक्रोसिस्टिम्सच्या घरचा प्रोटोकॉल. क्लायंट थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच. एसएसएचएफएसची प्रत्येक विनंती फ्यूजमधून (कर्नलबाहेर फाइलसिस्टिम चालवायची सोय) जाते, वर एन्क्रिप्शन. बारीकसारीक फायलींनी भरलेल्या रेपोत (गिटने सांभाळलेलं कोडचं फोल्डर) 'गिट स्टेटस' मारलं की तो रेंगाळतो, हे मान्य.

पण माझा लॅपटॉप एका जागी नसतो. झाकण मिटून दुसऱ्या वायफायवर उघडला की सर्व्हर गायब. एनएफएस मुळात 'हार्ड' माउंट होतं (माउंट म्हणजे फोल्डर जोडून घेणं), म्हणजे सर्व्हर परतेपर्यंत वाट बघतं. डेटाच्या दृष्टीने ते योग्यच. मात्र 'डीएफ -एच' (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारावं तर कर्सर लुकलुकत बसतो. ना आकडे, ना एरर. 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसची यादी) बघावं तर प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे उत्तराची वाट बघत अडकलेली. खरा वैताग पुढेच: त्या फोल्डरशी काडीचा संबंध नसलेल्या प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह अ‍ॅज' उघडलं, तर तोही गोठतो. जोडणी तोडणाऱ्या 'यूमाउंट -एल'ने सुटका होते, पण रोज कोण करणार? काही वेळाने वाट बघणं सोडून एरर देणारं 'सॉफ्ट' लावता येतं, पण त्यात डेटा गुपचूप बिघडू शकतो असं मॅन्युअलच बजावतं.

एसएसएचएफएसही नुसता लावला तर अडतोच. 'रिकनेक्ट', 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' १५ (दर १५ सेकंदांनी सर्व्हरला हाक) आणि 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स' ३ (तीन हाका वाया गेल्या की बस) दिलं, की पाऊण मिनिटाच्या आसपास तो हात टेकतो, एरर देतो आणि नेटवर्क आल्यावर आपणहून जोडून घेतो. त्यासाठी लॉगिन मात्र 'एसएसएच की'वर (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) हवं. मागच्या मागे जोडताना पासवर्ड टाकायला कोण बसलंय? शिवाय सर्व्हरवर रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागत नाही, आणि इकडचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) १००० तर तिकडचा १००१ ही कटकट 'आयडीमॅप=यूजर'ने मिटते.

एक खोट सांगायलाच हवी: २०२२ मध्ये या प्रकल्पाला सांभाळणारा उरला नव्हता. ज्यांना हे खटकतं त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

वायरने जोडलेला, जागचा न हलणारा डेस्कटॉप असेल तर एनएफएसच घ्या. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी ठेवणारी फाइल) 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' टाकलं की बूटही अडत नाही. लॅपटॉपवर मी तरी एसएसएचएफएस सोडणार नाही. मोठी रेपो असली की माउंटच्या भानगडीत न पडता सरळ एसएसएचने सर्व्हरवर जाऊन तिथेच काम उरकतो.