कॅल्प्रोटेक्टिन तपासणी: पाठपुराव्याला उत्तम, निदानाला अपुरी

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांचं निदान आधीच झालेलं असेल, तर शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाची तपासणी पैसे वसूल करून देते. नुसतं पोट बिघडतंय म्हणून केली, तर बऱ्याचदा गोंधळच वाढवते.

हे प्रथिन न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत खच्चून भरलेलं असतं. आतड्याच्या अस्तराला दाह झाला की या पेशी पोकळीत उतरतात आणि प्रथिन शौचात मिसळतं. कॅल्शियम धरून ठेवत असल्याने ते सहजी विघटित होत नाही, त्यामुळे नमुना दोनतीन दिवस टिकतो. नॉर्वेच्या मॅग्ने फागेरहोल यांच्या गटाने १९८० मध्ये त्याचं वर्णन केलं. शौचातून ते मोजण्याची पद्धत १९९२ ची.

खरी गडबड नमुना देताना होते. दोन शौचांमधलं अंतर वाढलं की आकडा चढतो, म्हणून दर वेळी सकाळचाच पहिला नमुना द्यावा. लघवी आणि कमोडचं पाणी लागू देऊ नये. कोलोनोस्कोपीसाठी (दुर्बिणीने मोठं आतडं पाहण्यासाठी) जुलाबाची तयारी सुरू करण्याआधीच डबी भरावी. पाण्यासारखे जुलाब असतील तर निकालावर भरवसा कमी: प्रयोगशाळेत ठराविक प्रमाणात द्रावण करण्यासाठी खाचा असलेली काडी वापरतात, त्या खाचांत पातळ शौच नीट धरत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आकडा फुगतो, आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलच्या वर्गातल्या गोळ्यांनीही. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक दोन आठवडे आधी थांबवता आलं तर उत्तम. चार वर्षांखालच्या मुलांत निरोगीपणीही पातळी जास्त असते; त्यांना मोठ्यांचे निकष लावणं चूकच.

प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर दाहाची शक्यता फार कमी. उपचाराचं उद्दिष्ट म्हणून २०२१ च्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींनी १०० ते २५० हा पट्टा दिला. क्रोन्सवरच्या ‘काम’ (CALM) नावाच्या चाचणीत (२०१७) एका गटात नुसत्या लक्षणांऐवजी कॅल्प्रोटेक्टिन आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) पाहूनही औषध वाढवलं. ४८ आठवड्यांनी त्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांचं अस्तर भरून आलं, लक्षणांवरच चाललेल्या गटात ३० टक्के. तपासणीच्या बाजूने याहून ठोस पुरावा क्वचितच सापडेल.

तरी निदानाबाबत सावध राहावं. आतड्याचा क्षयरोग, अमिबा, जिवाणूंचा संसर्ग, अगदी मोठ्या आतड्याचा कर्करोगही हा आकडा वाढवतो. दाह आहे एवढंच तो सांगतो, कशामुळे ते नाही. आणि आपल्याकडे क्षय व क्रोन्स यांतला फरक करायला बायोप्सीच लागते, कारण क्षय आहे हे न ओळखता दिलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महागात पडतात. उलट, आजार फक्त लहान आतड्यात असेल तर आकडा फसवा कमीही येऊ शकतो.

रिपोर्टबद्दल एक तक्रार कायमची: तपासणीसाठी वापरलेल्या किटचं नाव बहुतेकदा छापलेलं नसतं. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका लॅबचे ३०० आणि दुसऱ्या लॅबचे १८० यावरून सुधारणा ठरवता येत नाही. पहिल्याच खेपेला किट विचारून फाइलवर लिहून ठेवावं आणि पुढच्या तपासण्या तिथेच कराव्यात. निकाल अमुक आकड्यापेक्षा जास्त एवढाच आला, तर नमुना आणखी पातळ करून नेमका आकडा काढून द्यायला सांगावं. नाहीतर उपचारांनी तो किती उतरला हे पुढच्या वेळी कळणार नाही.