गॅस गळतीच्या नावाखाली तापमानाचे फोटो विकले

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका बायोगॅस प्रकल्पात मे महिन्यात झालेली ही फसवणूक. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असे प्रकल्प चालवणाऱ्यांनी गळती तपासणीचा ॲडव्हान्स देण्याआधी वाचावी.

तपासणीवाला भर दुपारी ‘इन्फ्रारेड गॅस कॅमेरा’ घेऊन आला. पिशवीतून काढला, चालू केला आणि अर्ध्या मिनिटात स्टीलच्या फ्लँजवर (पाइपच्या जोडावरच्या चकतीवर) रोखला. स्क्रीनवर निळा डाग दिसला. “दादा, हे निळं दिसतंय ना, तोच गॅस.” संध्याकाळपर्यंत चौदा जागांचे फोटो, प्रत्येकाखाली पीपीएमचा (दहा लाख भाग हवेत किती भाग गॅस, त्याचा) आकडा आणि सोबत सगळी गॅस्केट (जोडातली सीलं) त्याच्याकडूनच बदलून घ्यायचं कोटेशन. गॅस्केट बदलली, पैसे गेले. गॅस साठवणाऱ्या डोमचा दाब दुपारनंतर पडायचा, तो पडतच राहिला.

खरं तर फोटोच्या कोपऱ्यातच सगळं छापलेलं होतं: एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं माप) ०.९५ आणि बाजूला ३८ ते ६१ अंशांची रंगपट्टी. म्हणजे कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवत होता. चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि वरच्या निरभ्र, थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून तापलेल्या काँक्रीटपुढे ते निळं दिसतं. त्याच फ्लँजवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून पाहिला असता, तर तेवढ्या जागेपुरता निळा रंग तिथल्या तिथे गेला असता.

बायोगॅसमधला मुख्य गॅस मिथेन ३.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास इन्फ्रारेड शोषतो. तो दाखवणाऱ्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ३.२ ते ३.४ मायक्रॉनचा फिल्टर असतो आणि डिटेक्टर उणे १९६ अंशांच्या आसपास थंड केलेला असतो. त्यामुळे चालू केल्यावर काही मिनिटं थांबावंच लागतं आणि कूलरची बारीक घरघर ऐकू येते. साधा थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनवर चालतो, तिथे मिथेन जवळपास दिसतच नाही. अमोनिया मात्र १०.५ च्या आसपास शोषतो, त्यामुळे अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजसाठी फिल्टर वेगळा लागतो. एकाच फिल्टरवर दोन्ही गॅस दाखवतो म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा.

पीपीएमचे आकडे तर निव्वळ बनावट. कॅमेऱ्याला गॅसच्या ढगाची एका जागची तीव्रता कळत नाही, त्याची जाडी आणि तीव्रता मिळून किती शोषण झालं तेवढंच कळतं. त्यावरून गळतीचा दर काढायचा तर अंतर, वारा, हवेचं तापमान आणि मागच्या पृष्ठभागाचं तापमान लागतं. या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं. पीपीएमसाठी जागेवर धरायचं वेगळं मीटर असतं. त्याचा सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा.

फोटोंवर पैसे देऊ नका, व्हिडिओ मागा. हवेत सरकणारा धूसर लोट व्हिडिओतच ओळखता येतो. गॅस आणि मागची भिंत एकाच तापमानाला असतील तर अस्सल कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. म्हणून वेळ आणि पार्श्वभूमी रिपोर्टमध्ये लिहिलेली हवी.

कॅमेरा आत नेण्याआधी प्रकल्पापासून लांब, गेटबाहेर, उन्हात तापलेल्या भिंतीपुढे चाकाचा लायटर धरा. चाक न फिरवता फक्त खटका दाबा. अस्सल कॅमेऱ्यात ब्युटेनचा लोट दिसतो. साध्यात फार तर तोंडाशी गार ठिपका दिसेल. वासावर तर अजिबात विसंबू नका: बायोगॅसमधला विषारी हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या वर गेला की नाक बधिर होतं.

खरी गळती शेवटी दाब-सुरक्षेच्या वॉटर सीलवर, म्हणजे दाब वाढला की पाण्यातून गॅस बाहेर सोडणाऱ्या व्यवस्थेवर, सापडली. सीलमध्ये १० सेंमी पाणी असेल तर गॅस सुमारे १० मिलिबारला बाहेर पडतो. मेच्या उन्हात पाणी उडून ६ सेंमी उरलं, की ६ मिलिबारलाच सुटायला लागतो. दुपारी डोम तापून दाब वाढला की सील गुपचूप बुडबुडत होतं. बाकीचे जोड साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवून पाहिले, तेव्हा मेम्ब्रेनच्या (डोमच्या लवचिक पडद्याच्या) कडेच्या दोन क्लँपवर फेस आला. चौदापैकी एकाही फ्लँजवर बुडबुडा नव्हता. सीलमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि काठावर पातळीची रेघ मारली. आता दर उन्हाळ्यात मार्चपासून ती रोज सकाळी बघितली जाते.